गुंतवळाचा डबा

माझे केस बारीक आहेत. बारीक म्हणजे आखूड नव्हेत. एकेक केस जाडीला बारीक, आणि संख्येलाही जेमतेम. लहानपणी आई माझी वेणी घालायला बसली की तीन पेड पाडण्यापूर्वी क्षणभर थांबत असे. घरात एकच भाकरी उरलेली असावी आणि दारात तीन पाहुणे यावेत, तेव्हा बाईमाणूस जसे थांबते, तसे. धाकटी बहीण बेबी हिच्या वाट्याला मात्र आईचे केस आले होते. तिची वेणी विहिरीत सोडली असती तर घागर भरून वर आली असती. माझ्या वेणीला ती पायजम्याची नाडी म्हणे. महसूल खात्यात कारकून असलेले बाबा न्यायबुद्धीचे होते, ते मधे पडून म्हणत, "नाडी म्हणू नको. कुसुमची वेणी म्हणजे सरकारी मंजुरी हाय. कागदावर दिसती, हाताला लागत न्हाई."

नांदेडला होतो तोवर हे सारे विनोदाच्या पातळीवर होते. नळाला गोदावरीचे पाणी येई, त्यात केस निदान हलके राहत. मी रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवली, आणि त्याच सुमारास लातूरचा नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला माणसे हवी होती, म्हणून बाबांची बदली झाली आणि आम्ही गाठोडी बांधून लातूरला आलो. गावभर पाट्या रंगवणारे शिड्या घेऊन हिंडत होते. कार्यालये मात्र अजून भाड्याच्या घरांत होती. बाबांची आस्थापना शाखा एका घराच्या स्वयंपाकघरात बसली होती. त्यांचे टेबल मसाल्याच्या फळीखाली असल्याने त्या वर्षीच्या सगळ्या फायलींना हिंगाचा वास येई. "आमच्या दफ्तरात सगळं हाय," बाबा सांगत, "फक्त फोडणी द्यायची बाकी हाय."

आणि पाणी नव्हते. दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. टँकर चौथ्या दिवशी येई, तो प्यायला आणि डाळ शिजवायला. उरलेल्या सगळ्या कामांना आमच्या आणि शेजारच्या संगव्वा मावशींच्या अंगणांमधल्या बोअरवरचा हातपंप. त्याचा दांडा खाली जाताना कुरकुरे आणि वर येताना शीळ घाली. आजही बिजागरीला तेल नसलेले दार उघडले की मला तहान लागते. संगव्वा मावशींच्या यजमानांचे किराणा दुकान होते. मावशी उदगीरकडच्या, गळ्यात लिंग, बोलण्यात मधूनच कानडी, आणि डोक्यावर चांगला नारळाएवढा अंबाडा. आमच्या भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली बसून त्या आईबरोबर ज्वारी निवडत, आणि निवडता निवडता माझ्या डोक्याकडे पाहून म्हणत, "अय्यो, या पोरीचं डोस्कं लई हुशार हाय, म्हणून केस बाहेर यायला घाबरतेत."

बोअरचे पाणी जड होते. त्यात साबणाला फेस येत नसे, चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरे, आणि माझे बारीक केस दोन धुण्यांतच गोणपाटाच्या दशांसारखे झाले. रसायनशास्त्राच्या पदवीधर मुलीला याचे कारण ठाऊक होते. पाण्यातला चुना साबणाशी मिळून चिकट साका तयार करतो, तो केसांवर बसतो. जाड केस तो भार सोसतात; बारीक केस मान टाकतात. कारण ठाऊक असल्याचा केसांना काहीही फायदा झाला नाही.

त्यातच मुलाखतीचे निघाले. नांदेड सोडण्यापूर्वी एका महाविद्यालयात प्रयोगनिर्देशकाच्या जागेसाठी मी गेले होते. प्रश्नांची उत्तरे सगळी बरोबर दिली. शेवटी अध्यक्षांनी माझ्या खांद्यावरच्या नाडीकडे पाहून विचारले, "बाळ, तुला विद्यार्थी मॅडम म्हणतील का? तूच विद्यार्थिनी दिसतेस." जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. आता लातूरला नव्या जिल्ह्याची पाणी तपासणी प्रयोगशाळा निघणार होती आणि तिच्यात साहाय्यकाची एकच जागा होती. मला परीक्षानळ्यांच्या जवळपास राहायचे असेल तर एवढेच दार उघडे होते. दुसरे दार किनवटच्या आत्याने उघडून ठेवले होते. तिच्याजवळ एक स्थळ तयार होते, आणि दर पत्रात त्या मुलाची उंची थोडी थोडी वाढत होती.

मुलाखतीचे पत्र घेऊन बाबा आले तेव्हा आई भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "तिथं ज्ञान कमी पडलं नव्हतं, वय कमी दिसलं होतं. ह्यावेळी अंबाडा घालून जा."

"आणि अंबाडा घालायला केस?"

"ते बघू," आई म्हणाली, आणि भाकरी उलटली.

"बघू" हा शब्द मला कधीच मानवला नाही. मुलाखतीला पंचवीस दिवस होते. मी एक वही घेतली आणि मुखपृष्ठावर लिहिले: बारीक केसांची रचना, साधने व पद्धती. बाबांनी ती उघडून पाहिली. त्यांचे शिक्षण निजामाच्या काळातले, उर्दूतले. ते गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे बालांची बाकायदा तहकीकात चालू झाली म्हणायची."

केसांची ती तहकीकात, म्हणजे चौकशी, खरोखरच बाकायदा होती. कंगव्यांपासून सुरुवात केली. घरात लाकडी फणी होती, बारीक दातांची. ती उवांच्या सोयीची नव्हे, पण केसांच्याही सोयीची नव्हती. प्लास्टिकच्या कंगव्याने केस विजेने उभे राहून भुरभुरत. सगळ्यांत बरा ठरला जत्रेतून आणलेला विरळ दातांचा लाकडी कंगवा. तेल मुळाशी चोळले की माझे केस कवटीला चिकटून बसत. तेव्हा तेल फक्त टोकांना, दोन थेंब, असा निष्कर्ष निघाला. यावर आई तीन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती, कारण डोक्याला तेल न लावणारी मुलगी तिच्या मते अर्धीमुर्धी पोरकीच. आकडे माझ्या केसांतून घसरून पडत. ते पाट्यावर घासून थोडे खरखरीत केले आणि दोन-दोन आकड्यांची फुली मारली, तेव्हा ते टिकू लागले.

मग फुगवण्याचे प्रयोग. साड्यांना लावायची कांजी केसांना लावली. केस ताठ झाले, पण मान हलवली की कडकड आवाज येई. साखरेचे पाणी लावले त्या दुपारी मुंग्यांची रांग उशीपर्यंत आली. केस धुवायला पाणी नाही, म्हणून तेलकटपणा शोषून घ्यायला ज्वारीचे पीठ भुरभुरले. कल्पना तत्त्वतः अचूक होती. पण पीठ पूर्ण झटकले गेले नाही, आणि पंपावर मला पाहताच संगव्वा मावशींनी घागर खाली ठेवली. "यव्वा! ह्या पोरीला काल वय पाहिजे होतं, आज म्हातारपणच आलं की!"

यश आले ते जवसाने. मूठभर जवस पाण्यात उकळून गाळला की अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत रस निघतो. तो ओल्या केसांना लावून सुकू दिला, आणि मग वरच्या बटा उभ्या धरून मुळाकडे उलटा कंगवा फिरवला, तर माझे केस पहिल्यांदाच डोक्यापासून बोटभर वर राहिले. आई मात्र जवस म्हणजे चटणी, यावर ठाम होती. "भाकरीला लावायचं ते डोक्याला लावून राहिलीस. उद्या ठेचा लावशील."

आता या वहीतल्या पायाभूत चुकीकडे येते. इतक्या प्रयोगांना डोके एकच होते, आणि ते रोज भिजवायला पाणी नव्हते. मला नमुने हवे होते. आमच्या भिंतीतल्या देवळीत वनस्पती तुपाचा एक जुना डबा असे. आई रोज सकाळी विंचरल्यावर कंगव्यात आलेले केस बोटाभोवती गुंडाळून त्या डब्यात टाकी. हे गुंतवळ त्या काळी घरोघर जपत. डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया गल्लीत ओरडत येत, गुंतवळ घेत आणि बदल्यात सुया, मणी, फार तर एखादी वाटी देत. आमचाही डबा त्यासाठीच, असे मी धरून चालले. एका सुईच्या किमतीचा माल विज्ञानाच्या कामी येत असेल तर कोणाची हरकत असणार? रोज दुपारी आई पंपावर गेली की मी डब्यातून एक वेटोळे घेई, धाग्याने बांधून जुडी करी, आणि ती बोअरच्या पाण्यात, कांजीत, जवसात बुडवून पाही. त्या जुड्यांवर मी चिठ्ठ्याही लावत असे. व्यवस्थितपणात मी कधी कमी पडले नाही.

शेवटचा प्रयोग उष्णतेचा. कपाळावरची बट जरा वळवलेली असली की चेहरा भारदस्त दिसतो, असे फोटो स्टुडिओच्या काचेतल्या बायकांवरून मी ठरवले होते. वळवण्यासाठी योग्य जाडीची नळी घरात एकच होती: चुलीची फुंकणी. रॉकेलच्या स्टोवर तिचे टोक तापवायचे, मनात आकडे मोजायचे आणि जुडी गुंडाळायची. वीसपर्यंत तापवली तर वळण बसत नव्हते. तीसला बसले, सुरेख बसले, टिकलेही. साठला जळाले. मी वहीत लिहिले: तीस अंक, सुरक्षित. खाली दोन रेघा ओढल्या. मग आरशासमोर बसले, तीस मोजले आणि कपाळावरची माझी स्वतःची बट फुंकणीला गुंडाळली.

चर्र असा आवाज आला. फुंकणी काढली तेव्हा बट तिच्याबरोबरच आली. घरभर कोंबडीची पिसे भाजल्याचा वास सुटला आणि बेबी बाहेरून ओरडली, "आज मटण हाय का?"

ती आत आली, माझे कपाळ पाहिले, आणि आधी स्टो बंद केला. मुलाखत चार दिवसांवर होती. कपाळाच्या मधोमध बोटभर लांबीचे खुंट उभे होते. मी वही घेऊन गणित पुन्हा तपासले. मोजणी बरोबर होती, फुंकणी तीच होती, स्टो तोच होता. मग नजर जुडीवर गेली आणि कळले. मी ज्यांवर प्रयोग केले होते ते केस आईचे होते. जाड, टणक, माझ्या केसांच्या दुप्पट. तीन आठवडे मी एका बाईच्या केसांचा अभ्यास केला होता आणि निष्कर्ष दुसरीच्या डोक्यावर लावला होता. पहिल्या वर्षाच्या मुलाने ही चूक केली असती तर मी त्याला वर्गाबाहेर काढले असते.

आई पंपावरून आली. घागर उतरवली, माझ्याकडे पाहिले, मग स्टोकडे, मग उघड्या डब्याकडे. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती आतल्या खोलीत गेली आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेले काहीतरी घेऊन आली. सोडले तर आत गंगावन होते, अंबाड्यात घालायचा केसांचा झुबका. हातभर लांब, वरच्या टोकाला काळ्या दोऱ्याने गुंफलेले.

"हे कधी आणलंस?"

"आणलं न्हाई. केलं. संगव्वाला गुंफता येतं." ती गंगावनाच्या टोकावरून हात फिरवत राहिली. "तुझं जावळ काढलं, तवा म्हणले दाट येतील. आले न्हाईत. तवापासून डब्यात टाकून राहिले. म्हणलं कधी तरी लागंल पोरीला."

"तू हे सुयांच्या बदल्यात देत नव्हतीस?"

"सुया काय, दुकानात मिळतात."

मी डब्याकडे पाहिले. तळाशी दोन वेटोळी उरली होती. "आई, मी डब्यातले लई घेतले गं."

"माहीत हाय. डबा हलका लागून राहिला होता. म्हणलं, प्रयोगाला लागत असतील." मग ती थोडी हसली. "कमी पडले, म्हणून संगव्वानं तिच्यातले घातले. ती म्हणली, तिच्या अंबाड्याला काय कमी हाय."

त्या क्षणी मला रडू यायला हवे होते. त्याऐवजी मी काय म्हणाले ते लिहायला आजही संकोच वाटतो. मी म्हणाले, "पण दुसऱ्याचे केस माझे म्हणून दाखवायचे, म्हणजे खोटा नमुना झाला की." विज्ञान शिकलेल्या मुलींत तत्त्वनिष्ठा कधी उगवेल याचा नेम नसतो. आईने गंगावन शांतपणे गुंडाळले. बोलले ते बाबा, दारातून. "साइंटिस्ट बाई, तीन आठवडे आईचे केस खुशाल जाळलेत, तवा कुठं गेली होती तत्त्वं?"

मुलाखतीच्या सकाळी टँकरचा दिवस नव्हता. पण माझ्या डोक्यापुरते टँकरचे पाणी एका घागरीत झाकून ठेवलेले होते. आदल्या दोन दिवसांत घरात कोणी त्याला हात लावला नव्हता, आणि बेबीची दोरखंडी वेणी बोअरच्या पाण्याने राठ झाली होती. आईने शिकेकाईने माझे डोके धुतले आणि शेवटच्या तांब्यात चिंचेचा कोळ कालवला. आंबट पाण्याने साका सुटतो. हे समीकरण मला लिहून दाखवता येत होते, तिला ते हाताने येत होते. मग जवस, उलटा कंगवा, बाजूने भांग, खुंट झाकायला त्यावरून ओढलेली एक बट, आणि मागे गंगावन घेऊन अंबाडा. आकड्यांची फुली मीच शिकवली. आईने पहिल्यांदा माझे ऐकले. मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन मी निघाले, मान जराही न हलवता.

मुलाखत एका आडतीच्या जुन्या गोदामात होती. करडईचा वास अजून भिंतींत होता. समोर तिघे, मधले मुख्य रसायनतज्ज्ञ, डोके संपूर्ण गुळगुळीत. पहिले प्रश्न पुस्तकी होते. मग त्यांनी चष्मा काढला.

"समजा एका गावात पाच विहिरी आहेत. सरपंचांच्या विहिरीपाशी जीप थांबते, तिथं चहा मिळतो, सावली आहे. तुम्ही नमुना कुठला घ्याल?"

"जिचं पाणी लोक पितात तिचा, सर."

"हे सगळेच सांगतात. आणि सगळेच सरपंचांच्या विहिरीचं घेऊन येतात. का?"

पाठ केलेले उत्तर माझ्याजवळ होते. पण हात आपोआप कपाळाकडे गेला, झाकलेली बट बाजूला झाली, आणि खुंट उभे राहिले. तिघांचीही नजर तिथे गेली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगून टाकले: वही, जुड्या, तीस अंक, फुंकणी. "जे तपासायचं असतं ते दूर असतं, सर. हाताशी जे असतं ते आपण तपासतो आणि दोन्ही एकच आहेत असं धरून चालतो. माझी मोजणी अचूक होती. नमुना आईचा होता."

उजवीकडच्या गृहस्थांनी रुमाल तोंडाला लावला. मधले साहेब माझ्या डोक्यामागे पाहत होते. "आणि हा अंबाडा?"

"तिसरा हिस्सा माझा आहे. बाकी आईचा आणि शेजारच्या मावशींचा."

"नमुन्यावर नाव-गाव नीट लावता, एवढं कळलं," ते म्हणाले. मग स्वतःच्या डोक्यावरून तळवा फिरवला. "केसांच्या बाबतीत मी पूर्ण निःपक्षपाती आहे, काळजी करू नका."

घरी आले तेव्हा आई आणि संगव्वा मावशी उंबऱ्यावरच बसल्या होत्या. "अंबाडा बसला का नीट?" आईने विचारले. प्रश्नांबद्दल नाही, उत्तरांबद्दल नाही.

"बसला. पण कुणाचा ते सांगून टाकलं."

"अगं बाई! साहेबासमोर माझे केस?" आईने पदर तोंडाला लावला.

"माझं बी नाव सांगितलंस?" मावशींनी विचारले. शेजारच्या मावशी एवढेच म्हटल्याचे सांगितले, तर त्या खट्टू झाल्या. "सांगायचं होतं की. संगव्वा, किराणावाली."

नेमणुकीचे पत्र आले. किनवटच्या स्थळाची उंची वाढायची थांबली. रुजू होण्याच्या दिवशी, आता गुणवत्ता सिद्ध झाली आहे अशा समजुतीने, मी माझी नाडी खांद्यावर टाकून गेले, आणि दारावरच्या शिपायाने प्रेमाने सांगितले, "बाळ, शाळेचा दाखला पलीकडच्या बिल्डिंगीत मिळतो." दुसऱ्या दिवसापासून पुढची कैक वर्षे मी अंबाडा घालूनच गेले. पहिला नमुना तपासला तो आमच्याच हातपंपाच्या पाण्याचा, आणि तो मी स्वतः भरून आणला होता.

आता केस पांढरे झाले आहेत. ज्वारीच्या पिठाची गरज उरलेली नाही. आई जाऊनही बरीच वर्षे झाली. गंगावन मी त्याच डब्यात ठेवले आहे. परवा सहज काढून अंबाड्याला लावून पाहिले. माझ्या पांढऱ्याखाली ते काळेभोर, दाट. आई तेव्हा चाळिशीची होती. ते केस अजून चाळिशीचेच आहेत. मोठी दिसावी म्हणून तिने जे मला दिले, ते आता लावले तर गल्लीतले लोक म्हणतील, बाई ह्या वयात नटून राहिली. मी ते काढून पुन्हा फडक्यात बांधले.

गेल्या आठवड्यात बेबीचा फोन आला. तिची दोरखंडी वेणी आता विरळ झाली आहे. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून तिने अखेर विचारले, तुझा तो जवसाचा काढा कसा करायचा गं? एवढ्या वर्षांनी तो प्रश्न ऐकताना मला किती बरे वाटले, ते लपवणार नाही. मी जवसाचे माप सांगितले, उलटा कंगवा सांगितला, आकड्यांची फुली सांगितली. "आणि आधी स्वतःच्या एका बटेवर करून बघ," म्हणाले. "दुसऱ्याच्या न्हाई."

"मग आईचं गंगावन तरी पाठव थोडे दिवस. नातवाच्या लग्नात घालते."

"नवरा मुलगा आजीच्या अंबाड्याकडं बघणार न्हाई, बेबे," मी म्हणाले. "जवस पाहिजे तेवढा पाठवते, किलोनं पाठवते. डब्याला हात लावायचा न्हाई."